तासाभराचे विमान आणि वाडीची वाट

मुंबईपासून कोल्हापूर किती लांब? प्रश्न साधा, उत्तरे मात्र तीन. आकाशातून सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर, महामार्गाने पावणेचारशेच्या आसपास आणि रेल्वेने ५१८. विमानाला तास पुरतो, रेल्वेला रात्र लागते. त्यामुळे विमानसेवेची बातमी आली की कोल्हापूर मुंबईच्या अंगणात आल्यासारखे वाटते. नृसिंहवाडीला निघालेल्या कुटुंबाने मात्र हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

समजा, पौर्णिमेच्या दर्शनासाठी डोंबिवलीचे कुटुंब निघाले. घरापासून विमानतळापर्यंत दीड तास, उड्डाणाआधी तेथे तेवढाच वेळ, हवेत एक तास, उतरून सामान घेईपर्यंत अर्धा तास आणि उजळाईवाडीहून वाडीपर्यंतच्या सुमारे ५० किलोमीटरला सव्वा तास. एकूण पावणेसहा तास. त्यांपैकी पावणेपाच जमिनीवरच जातात! रस्त्याने आठ-नऊ तास लागतात, म्हणजे वाचले ते दोन-तीन तास. रेल्वेचा हिशेब तर आणखी वेगळा. पुण्याहून येणारी गाडी मिरजेला पश्चिमेकडे वळून कोल्हापूर गाठते. मिरज-कोल्हापूर हा फाटा १८९१ सालचा. वाडी कोल्हापूरच्या पूर्वेला असल्याने तिचा प्रवासी आधीच मिरजेला किंवा जयसिंगपूरला उतरतो. रात्र झोपेत जाते, दिवस हाती राहतो.

मग विमान नकोच का? तसे नाही. गावी वडील अत्यवस्थ असल्याचा फोन आला की हेच दोन-तीन तास लाखमोलाचे ठरतात. पण त्या दिवशी विमान असायला हवे! खरी मेख येथे आहे. कोल्हापूरचा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ सालचा. नव्या टर्मिनलचे उद्घाटन २०२४ साली झाले. इमारत झाली, सेवेचे सातत्य मात्र हुलकावणी देत राहिले. मुंबईचे विमान २०१८ मध्ये सुरू झाले, बंद पडले. २०१९ मध्ये दुसऱ्या कंपनीने आणि २०२२ मध्ये तिसरीने पुन्हा श्रीगणेशा केला. 'उडान' योजनेत काही आसनांचे भाडे मर्यादित ठेवून कंपनीची तूट सरकार भरते, पण ती तीनच वर्षे. पुढे मार्गाने स्वतःच्या पायावर उभे राहावे, ही अपेक्षा. ज्या विमानाचा भरवसा नाही त्याला प्रवासी बांधून राहत नाही आणि प्रवासी नाहीत म्हणून विमान टिकत नाही.

त्यात पावसाळा. वाडीत कृष्णेचे पाणी मंदिरात शिरले की दक्षिणद्वाराच्या स्नानाला भाविकांची झुंबड उडते. पण २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कोल्हापूरजवळचा महामार्गच पाण्याखाली गेला. अशा वेळी मुंबईचे विमान वेळेवर उतरले, तरी पुढचे ५० किलोमीटर कसे ओलांडायचे?

म्हणून मागणी केवळ आणखी एका विमानाची नसावी. ठरल्या दिवशी हमखास सुटणारे विमान, त्याच्या आणि रेल्वेच्या वेळेला जोडून मिरज, जयसिंगपूर व उजळाईवाडीहून वाडीची एस.टी. आणि पुरातही चालू राहील असा एक तरी रस्ता, एवढे झाले तरी पुष्कळ. उड्डाणाची दहा मिनिटे वाचवण्यापेक्षा जमिनीवरचा एक तास वाचवणे स्वस्त आहे, आणि त्याचा लाभ विमानात कधी न बसणाऱ्यालाही होतो.