चाकांवरचे दुकान

उत्तम शेती, मध्यम व्यापार आणि कनिष्ठ नोकरी, अशी एक जुनी म्हण आहे. आज मात्र लोकांच्या मनातील हा क्रम उलटा झालेला दिसतो. नोकरीला मान मिळतो. आणि व्यापार हातगाडीवरचा असेल, तर नाके मुरडली जातात. वडे तळणाऱ्याचा मुलगा वर्गात वडिलांचा व्यवसाय सांगताना खाली मान घालतो. त्याची ही लाज अस्थानी आहे.

हातगाडीचा धंदा अनेकांना का बरे मोहवितो? त्याची कारणे साधी आहेत. दुकानाच्या गाळ्यासाठी लागणारे मोठे भांडवल येथे लागत नाही. गाडी, शेगडी, कढई, झारा आणि चार पातेली एवढ्यावर प्रारंभ करता येतो. सकाळी घातलेला पैसा सायंकाळी हाती येतो. शिवाय मालकही आपण आणि नोकरही आपणच! मुंबईचा वडापाव अशाच छोट्या धंद्यातून पुढे आला. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर तो प्रथम विकला गेला, असे सांगतात. कामावर जाण्याच्या घाईत असलेल्या माणसाला थोड्या पैशांत, उभ्या उभ्या भूक भागविता येई. म्हणून तो सर्वांच्या आवडीचा झाला.

परंतु दुरून डोंगर साजरे! विक्रेत्याला पहाटे उठून बटाटे उकडावे लागतात. पावसाची झड लागली की गिऱ्हाईक फिरकत नाही आणि केलेला माल वाया जातो. त्यातच गाडी उचलून नेली जाण्याची धास्ती असते. अशा विक्रेत्यांच्या उपजीविकेस संरक्षण मिळावे, म्हणून संसदेने २०१४ साली कायदा केला. शहराच्या विक्रेता समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत आणि त्यांपैकी एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे त्यात सांगितले आहे. ठरवून दिलेल्या जागी, रीतसर प्रमाणपत्र घेऊन माल विकणे हा गुन्हा नव्हे. तो हक्क आहे.

हक्काच्या जोडीला कर्तव्यही असतेच. गाडीमुळे एखाद्या वृद्धाला पदपथ सोडून भर रस्त्यातून चालावे लागले, तर ती कमाई निर्दोष म्हणता येणार नाही. पाणी शुद्ध असावे, अन्न झाकलेले असावे, तळून तळून काळे झालेले तेल पुन्हा वापरू नये आणि उष्ट्या कागदांसाठी गाडीजवळ टोपली असावी. गिऱ्हाईक विश्वासाने घास तोंडात घालते. त्या विश्वासास जागणे हाच या धंद्याचा धर्म होय.

जो विक्रेता एवढे पाळतो, त्याच्या मुलाने मान ताठ ठेवूनच वडिलांचा व्यवसाय सांगावा आणि इतरांनी तो आदराने ऐकावा. कढईपुढे घाम गाळून मिळविलेला रुपया कचेरीत मिळविलेल्या रुपयाइतकाच खणखणीत असतो.