दोर ताणून पाहिलेलीं विमानें

ज्यांच्या घरीं सुटींत नातवंडें जमतात, त्यांस पुढील प्रसंग नवा वाटणार नाहीं. आमच्या रायगड जिल्ह्यांत पनवेलजवळ ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं नव्या विमानतळाचें उद्घाटन झालें, आणि त्याच महिन्यांत दिवाळीकरितां महाडास आलेल्या मुलांत विमानांवरून तंटा उपस्थित झाला. थोरल्या चिरंजीवांचा मुलगा म्हणे, बोइंगचें जंबो सर्वांत मोठें. पुतण्याची मुलगी म्हणे, छे, एअरबसचें ए-३८०! निवाडा अर्थातच मजकडे आला.

आंकडे काढून पाहतों तों दोघेंही खरीं! जंबोची शेवटची जात, ७४७-८, ही ७६.३ मीटर लांब. ए-३८० तिच्याहून साडेतीन मीटरांनीं आखूड. परंतु पंखांचा विस्तार पाहावा, तर जंबोचा ६८.४ मीटर आणि ए-३८० चा ७९.८. वजनांत आणि उतारूंच्या संख्येंतही ए-३८० च वरचढ. ८५३ माणसें नेण्याची त्यास परवानगी आहे.

नुसत्या आंकड्यांनीं मुलांस बोध होत नाहीं. म्हणून दोन-तीन दोर एकास एक गांठवून, भातकापणी झालेल्या खाचरांतून, बांध ओलांडीत, आम्हीं ऐंशी मीटर ताणले. शेजारचे गृहस्थ धांवत आले. आमच्या कोंकणांत शेतांत दोर ताणला कीं भाऊबंदकीची मोजणी निघाली असेंच लोक समजतात! विमानाचे पंख मोजतों आहों, हें त्यांस पटावयास बराच वेळ लागला.

मग त्या दोराशेजारीं जुनीं विमानें मांडलीं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटांनीं कराचीहून टपाल घेऊन जें 'पस मॉथ' मुंबईस जुहूला उतरविलें, त्याचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ११.२ मीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या एस. टी. च्या गाडीएवढे. तशीं सात विमानें त्या दोरावर ओळीनें बसलीं. ८ जून १९४८ रोजीं 'मलबार प्रिन्सेस' ३५ उतारू घेऊन मुंबईहून लंडनला निघालें, तें अर्ध्या दोरांत मावलें. आणि १९०३ सालचें राइट बंधूंचें पहिलें उड्डाणच मुळीं ३६.६ मीटरांचें; तेंही अर्ध्याच्या आंत!

नातवानें विचारलें, पंख ऐंशीलाच कां थांबले? विमानतळावर उभें राहण्यास जागा लागते, आणि मोठ्यांत मोठ्या विमानासाठीं ८० मीटर ही हद्द धरलेली आहे. तिच्या आंत राहूनच ए-३८० चे पंख बेतले. बोइंगनें ७७७-९ साठीं निराळीच युक्ति योजिली. उडतांना त्याचे पंख ७१.८ मीटर, पण जमिनीवर टोकें वर दुमडलीं कीं ६४.८. छत्री मिटून माजघरांत यावें तसें.

हें चाललें असतां मला सन २००४ च्या सुमाराची एक उत्तरपत्रिका आठवली. सामान्य ज्ञानाच्या परीक्षेंत मीं 'सर्वांत मोठें प्रवासी विमान कोणतें?' असें विचारलें होतें. औद्योगिक वसाहतींतील एका कामगाराच्या मुलानें 'एअरबस ए-३४०-६००' असें लिहिलें, आणि मीं शून्य दिलें. तो उभा राहून म्हणाला, "गुरुजी, लांबीनें तेंच मोठें आहे." मीं त्यास खालीं बसविलें. तें विमान ७५.४ मीटर लांब. त्या वेळचें जंबो ७०.७. तर्कसंग्रहांत परिमाणाचे चार प्रकार सांगितले आहेत: अणु, महत्, दीर्घ आणि ह्रस्व. म्हणजे दीर्घ निराळें आणि महत् निराळें, हें मला मुखोद्गत होतें. प्रश्न घालतांना मात्र 'मोठें' म्हणजे कशानें, हें मीं लिहिलेंच नव्हतें.

मुलांना मीं हें सांगितलें. पुतण्याच्या मुलीनें लगेच विचारलें, "मग नंतर त्याला गुण दिलेत का, आजोबा?"

मी दोर गुंडाळूं लागलों.