फोन अम्मीचा, मन कुणाचं?

मुर्ध्याला माझी बहीण राहते. तिची मुलगी दहावीत. शाळेने मुलांना ताणतणावावरचा एक ऑनलाइन कार्यक्रम दिला होता, रोज दहा मिनिटांचा. भाचीने तो चौथ्या दिवशी सोडला. "आळशी झालीय," बहीण म्हणाली. मलाही तसंच वाटलं. मग तिलाच विचारलं.

"मामू, फोन अम्मीचा आहे. आज मनात काय चाललंय, ते मी अम्मीच्या फोनवर लिहू?"

मी गप्प झालो.

सरकारची टेली-मानस सेवा 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. 14416 वर फोन लावा, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. चांगलंच आहे. पण एका खोलीत पाच माणसं राहत असतील तर पोरीने बोलायचं कुठून? मिठागराच्या बाजूला रस्त्यावर उभी राहून? संध्याकाळी ती तिथे कुणाला दिसली, तर घरी वेगळीच चौकशी सुरू होईल!

मुलं अशा कार्यक्रमांत टिकावीत म्हणून त्यांत गुण, बक्षिसं, रंगीत चित्रं घालतात. माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी हव्यात: आडोसा, आणि आठवड्यातून एकदा नाव घेऊन 'कसं चाललंय' विचारणारं माणूस. नुसत्या स्क्रीनला कोण किती दिवस उत्तरं देणार? आपण मोठे तरी देतो का?

बहिणीला म्हटलं, रोज थोडा वेळ फोन तिच्या हातात दे, नंतर उघडून बघू नकोस. ती कबूल झाली. भाचीला मात्र वेगळा पासवर्ड हवाय. त्यावर बोलणी अजून चालू आहेत.