महाविद्यालयीन बास्केटबॉल: भिलाईची गुणवत्ता आणि अठराव्या वर्षीचा पेच

हावडा-मुंबई लोहमार्गावर रायपूर मागे टाकल्यानंतर आणि दुर्ग येण्यापूर्वी भिलाई-३ ही वस्ती लागते. शेजारीच चरोदा येथे रेल्वेचे विस्तीर्ण मालगाडी यार्ड आहे, तर पश्चिमेला भिलाई पोलाद कारखान्याची नगरी पसरलेली आहे. येथील तरुणांच्या दृष्टीने उज्ज्वल भवितव्य या शब्दांना दीर्घकाळ दोनच अर्थ होते: कारखान्यातील नोकरी किंवा रेल्वेतील नोकरी. याच परिसराने भारतीय महिला बास्केटबॉलला अनेक आंतरराष्ट्रीय खेळाडू दिल्या आणि येथे घडलेली एक मुलगी अमेरिकेतील विद्यापीठाच्या संघापर्यंत पोहोचली. एखाद्या गुणी खेळाडूचा उदय नेमका कशामुळे होतो आणि तो कुठे अडतो, हे समजून घेण्यासाठी भिलाईसारखे दुसरे उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल.

पोलादनगरीतील पाठशाळा

सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या भिलाई कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन फेब्रुवारी १९५९ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. कारखान्याबरोबरच आखीव सेक्टर, शाळा, रुग्णालये आणि क्रीडांगणेही उभी राहिली. त्यापूर्वी अवघी तीन वर्षे, म्हणजे १९५६ पर्यंत, हा दुर्ग जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या प्रांताचा भाग होता. त्यामुळे मराठी वाचकांना हा प्रदेश अगदीच परका वाटू नये.

क्रीडांगणे अनेक औद्योगिक नगरांत होती. भिलाईचे वेगळेपण प्रशिक्षक राजेश पटेल यांच्यामुळे सिद्ध झाले. त्यांनी छत्तीसगडच्या मुलींचे संघ अक्षरशः शून्यातून उभे केले. सीमा सिंग, अंजू लकडा, एम. पुष्पा यांसारख्या भारताकडून खेळलेल्या खेळाडू या परंपरेतील होत. बाहेरगावच्या होतकरू मुलींची राहण्याची व्यवस्था पटेल दांपत्याने स्वतःच्या घरी केली होती. भारतातील सर्वांत उंच महिला बास्केटबॉलपटू म्हणून ओळखली जाणारी, जवळपास सात फूट उंचीची पूनम चतुर्वेदी ही मूळची कानपूरची. तीही खेळ शिकण्यासाठी भिलाईलाच आली. २००० मध्ये स्थापन झालेल्या एका छोट्या राज्याचा संघ अल्पावधीतच बलाढ्य रेल्वे संघाशी बरोबरीच्या नात्याने झुंजू लागला.

२०१८ मध्ये पटेल यांचे निधन झाले. त्यांच्या कार्याचे मोल कितीही मोठे असले, तरी त्यांच्या जाण्याने एक अस्वस्थ करणारा प्रश्न पुढे आला. जी यंत्रणा एका व्यक्तीच्या घरात, तिच्या वेळेवर आणि जिद्दीवर उभी असते, तिला यंत्रणा म्हणावे काय?

ॲरिझोनापर्यंतची वाट

याच भिलाई परंपरेतील कविता अकुला ही गेल्या दशकात अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील फीनिक्स येथील ग्रँड कॅन्यन विद्यापीठाच्या महिला संघात दाखल झाली. क्रीडा शिष्यवृत्तीवर अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या पहिल्या श्रेणीत पोहोचलेल्या अगदी सुरुवातीच्या भारतीय मुलींमध्ये तिची गणना होते. तिच्यामागून बंगळूरची संजना रमेश नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठात, तर पंजाबची हरसिमरन कौर सॅन डिएगो विद्यापीठात गेली.

या घटनेचे महत्त्व केवळ परदेशगमनापुरते मर्यादित नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन संघ हा शिडीचा मधला आणि सर्वांत भक्कम पायंडा आहे. आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्क हिने महाविद्यालयीन कारकिर्दीत ३,९५१ गुण नोंदवून विक्रम केला. २०२४ मध्ये तिच्या संघाचा साऊथ कॅरोलायनाविरुद्धचा अंतिम सामना तेथील १ कोटी ८० लाखांहून अधिक प्रेक्षकांनी पाहिला. त्याच वर्षीच्या पुरुषांच्या अंतिम सामन्याची प्रेक्षकसंख्या दीड कोटीच्या आत राहिली. शिक्षणसंस्थांत लिंगभेदास मनाई करणारा १९७२ चा कायदा या स्थित्यंतराच्या मुळाशी आहे. त्या कायद्याने विद्यापीठांना मुलींच्या खेळावरही न्याय्य खर्च करण्यास भाग पाडले. त्याची फळे दिसण्यास अर्धशतक जावे लागले, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

फरक सामन्यांच्या संख्येचा

भारतीय आणि अमेरिकी महाविद्यालयीन खेळाची तुलना करताना सहसा पैसा, व्यायामशाळा आणि आहार यांची चर्चा होते. ही तफावत खरी असली, तरी निर्णायक तफावत बहुधा वेगळीच आहे. ती आहे सामन्यांच्या संख्येची.

अमेरिकेतील पहिल्या श्रेणीचा महाविद्यालयीन संघ नोव्हेंबर ते मार्च या एका हंगामात सुमारे तीस सामने खेळतो. चार वर्षांत खेळाडूच्या वाट्याला शंभराहून अधिक सामने येऊ शकतात. आज चुकलेली फेक चार दिवसांनी सुधारता येते. प्रतिस्पर्ध्याने शोधून काढलेली उणीव पुढच्या सामन्यापूर्वी भरून काढावी लागते. खेळाडू सरावाने तयार होतो, परंतु परिपक्व होतो तो सामन्यांनीच.

आपल्याकडील आंतरविद्यापीठ स्पर्धेची रचना पाहा. देश चार विभागांत वाटलेला असतो. विभागीय स्पर्धा काही दिवसांत उरकते आणि तिच्या प्रारंभीच्या फेऱ्या बाद पद्धतीच्या असतात. पहिल्याच सामन्यात पराभूत झालेल्या विद्यापीठाचा वर्षभराचा हंगाम चाळीस मिनिटांच्या खेळात संपतो. एखाद्या मुलीची गुणवत्ता कितीही असामान्य असली, तरी ती दिसण्यासाठी तिच्या संघाने आधी जिंकावे लागते. २०२० मध्ये भुवनेश्वर येथून सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेने प्रसिद्धी आणि सुविधा वाढवल्या. तथापि, तेथेही निवडक संघांनाच प्रवेश असतो आणि स्पर्धा काही दिवसांचीच असते. नियमित हंगामाची उणीव त्यामुळे भरून निघत नाही.

परिणामी भारतात महाविद्यालयीन बास्केटबॉल हा प्रगतीचा टप्पा राहत नाही. तो प्रमाणपत्राचा स्रोत बनतो. हे प्रमाणपत्र पुढे क्रीडा कोट्यातील नोकरीसाठी कामी येते.

नोकरीला कमी लेखू नये

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. क्रीडा कोट्यातून मिळणाऱ्या रेल्वेच्या किंवा सार्वजनिक उपक्रमाच्या नोकरीची हेटाळणी करणे सोपे आहे, पण ते योग्य नाही. ज्या घरात महिन्याचा पगार निश्चित नसतो, त्या घरातील मुलीच्या हाती एकोणिसाव्या वर्षी नेमणुकीचे पत्र पडते, तेव्हा तिचे लग्न, तिच्या भावंडांचे शिक्षण आणि स्वतःच्या आयुष्याविषयी बोलण्याचा तिचा अधिकार, या साऱ्यांचे स्वरूप पालटते. भारतीय महिला बास्केटबॉल आज जे काही टिकून आहे, त्यात रेल्वेचा वाटा फार मोठा आहे.

पेच आहे तो वेळेचा. रेल्वेतील क्रीडा भरतीसाठी किमान वयाची अट अठरा वर्षांची आहे. अमेरिकी विद्यापीठाचा निर्णयही नेमक्या याच वयात घ्यावा लागतो. शालेय शिक्षण संपल्यानंतर स्पर्धात्मक खेळात काही काळ गेला, तर तेथील पात्रतेची वर्षे कमी होऊ शकतात. शिवाय त्या वाटेसाठी शाळेतील सोळा ठरावीक विषयक्रम, इंग्रजीवर पुरेशी पकड आणि कागदपत्रांची गुंतागुंत सोडवणारे कोणीतरी जाणकार माणूस लागते. हिंदी किंवा मराठी माध्यमातील मुलीला ही तयारी नववीपासूनच करावी लागेल. ते तिला सांगणार कोण? बहुतेक घरांत ही वाट आहे हे कळते, तेव्हा ती बंद झालेली असते.

शिष्यवृत्ती आणि नोकरी या दोन्ही गोष्टी खेळामुळेच मिळतात, परंतु त्यांची दिशा परस्परविरुद्ध आहे. नोकरी ही मुख्यतः आजवरच्या कामगिरीचे फळ असते, तर शिष्यवृत्ती ही पुढे होणाऱ्या कामगिरीवर लावलेली पैज असते. भारतात अठरा वर्षांच्या मुलीवर अशी पैज लावणारी संस्था आजही विरळाच आहे.

परदेशाची वाटही निष्कंटक आहे असे नाही. २०२१ पासून अमेरिकी महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमाई करण्याची मुभा मिळाली आणि २०२५ पासून विद्यापीठेही त्यांना थेट पैसे देऊ लागली. मात्र विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या परदेशी खेळाडूंवर कमाईची कठोर बंधने आहेत. त्यातच संघ बदलण्याचे नियम सैल झाल्यामुळे अनुभवी खेळाडू सहज उपलब्ध होऊ लागले आहेत. अशा वेळी दूरदेशीच्या अपरिचित मुलीला घडवण्याइतका धीर तेथील प्रशिक्षक दाखवतील काय, ही शंका रास्त आहे.

परतीच्या वाटेवर काय?

समजा, एखादी मुलगी शिकून परत आली, तर तिने खेळावे कुठे? २०१५ मध्ये सुरू झालेली यूबीए ही पुरुषांची लीग काही हंगामांतच थांबली. महिलांसाठी वर्षभर चालणारी, उपजीविका होऊ शकेल अशी व्यावसायिक स्पर्धा देशात स्थिरावलेली नाही. राष्ट्रीय संघाच्या वाटचालीतही हे चढउतार दिसतात. २०१७ मध्ये बंगळूर येथे भारतीय महिलांनी आशियाई चषकाच्या ब गटाच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानवर ७५-७३ अशी मात करून वरच्या गटात प्रवेश मिळवला. त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती. पुढे अम्मान येथे २०२१ साली झालेल्या स्पर्धेत मात्र भारत आठव्या, म्हणजे अखेरच्या स्थानी राहिला. दोन गुणांच्या फरकाने उघडलेले दार चार वर्षांत पुन्हा मिटले. त्या दारामागे खेळाडूंची रांग उभी नव्हती, हेच त्याचे कारण म्हणावे लागेल.

शिरीन लिमये हिच्या घरात बास्केटबॉलचा वारसा होता. भिलाईच्या मुलींना तसे घर प्रशिक्षकाने दिले. दोन्ही ठिकाणी खेळाडूला आधार मिळाला तो घराचा. महाविद्यालय मात्र दोन्हींत पार्श्वभूमीलाच राहते.

लोहमार्गावरची लीग

उपाय खर्चिक असलाच पाहिजे असे नाही. बिलासपूर, रायपूर, भिलाई, दुर्ग आणि राजनांदगाव ही सारी शहरे एकाच लोहमार्गावर आहेत. तोच मार्ग पुढे गोंदिया, भंडारा, नागपूर, वर्धा आणि अकोल्याकडे जातो. या शहरांतील महाविद्यालयांनी एकमेकांच्या मैदानांवर जाऊन खेळण्याचे वेळापत्रक आखले, तर एका हंगामात प्रत्येक संघाला पंधरा-वीस सामने सहज मिळू शकतील. सकाळी निघून रात्री घरी परतता येईल अशा अंतरावरचे अनेक सामने त्यात बसतील. मुलींच्या पालकांच्या दृष्टीने ही बाब गौण नाही. नागपूरच्या शिवाजीनगर जिमखान्यासारख्या जुन्या केंद्रांचा अनुभवही त्यासाठी हाताशी आहे. बाद फेरीऐवजी साखळी सामने, प्रत्येक सामन्याची आकडेवारी आणि त्याचे साधे चित्रीकरण एवढ्यानेही खेळाडूचा लेखाजोखा तयार होईल. असा लेखाजोखा हाती असल्यास रेल्वेचा निवडकर्ता असो वा ॲरिझोनातील प्रशिक्षक, दोघांनाही तिच्याकडे दुर्लक्ष करणे अवघड जाईल.

गुणवत्ता कुठे जन्माला येते, हे भिलाईने दाखवून दिले आहे. एका निष्ठावान माणसाच्या बळावर ती किती दूर जाऊ शकते, हेही दाखवले आहे. भिलाई-३ मधील एखादी पंधरा वर्षांची मुलगी आज संध्याकाळी सिमेंटच्या मैदानावर फेकींचा सराव करत असेल, तर तिला आणखी तीन वर्षांनी निर्णय घ्यावा लागणार आहे. नोकरी की खेळ, असा एकच प्रश्न तिच्यापुढे ठेवायचा, की दोन्हींकडे जाणारी वाट तिला आधीच दाखवायची, हे मात्र तिच्या हाती नाही. ते विद्यापीठांनी आणि क्रीडा संघटनांनी ठरवायचे आहे, आणि त्यासाठी त्यांच्या हाती असलेला अवधीही तीनच वर्षांचा आहे.