बाग कुणाच्या बापाची?

मुंबईच्या नकाशावर हिरवा रंग दिसला की पांढरपेशाला गार वाटतं. झोपडीवाल्याच्या पोटात गोळा येतो. कारण हिरवा रंग म्हणजे बागेचं आरक्षण, आणि त्या आरक्षणावर बऱ्याचदा आपलीच चूल पेटलेली असते.

बोरिवली आठवा. १९९५ साली पर्यावरणवाले हायकोर्टात गेले. ७ मे १९९७ ला हुकूम झाला : राष्ट्रीय उद्यानातल्या झोपड्या हटवा. १ जानेवारी १९९५ च्या आधीचा पुरावा असेल त्यानं सात हजार रुपये भरावेत, मग दुसरीकडं घर. पुरावा नसेल त्यानं चालतं व्हावं. जंगल वाचलं पाहिजे, वादच नाही. पण घाव पहिल्यांदा झोपडीवरच का पडतो?

म्हणून काय आपण बागेचे दुश्मन? मुळीच नाही! दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं. पोरीनं अभ्यासाला बसायचं कुठं? म्हातारीनं बूड टेकायचं कुठं? वस्तीतला पिंपळाचा पार हीच आपली बाग. चौदा एप्रिलची वर्गणी तिथं, मीटिंग तिथं, भांडणाचा निवाडाही तिथंच. सरकारी आराखड्यात हा पार कधी दिसला का?

आता ताजी गोष्ट. बागेसाठी राखलेल्या जागेवर झोपडपट्टी असेल तर तिथंच पुनर्वसन करता येईल, असा नियम १९९२ साली आला. मोकळ्या जागांसाठी झगडणारी मंडळी २००२ साली कोर्टात गेली. नियम पुढं बदलला, खटला चालूच राहिला. १९ जून २०२५ ला हायकोर्टानं नवा नियम कायम ठेवला : पाचशे चौरस मीटरच्या वरच्या भूखंडावर ३५ टक्के जागा मोकळी सोडायची, बाकीवर बांधकाम.

गड्यांनो, एवढ्यात गुलाल उधळू नका. ते ३५ टक्के कुणाच्या ताब्यात जाणार? विकाऊ टॉवरच्या पायाशी हिरवळ, गेटवर वॉचमन, आणि आपली पोरं गेटाबाहेर, असं झालं तर?

महाड आठवा. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोल्यांचा ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेनं १९२४ साली तळं खुलं केलं. कागदावर! २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले, तेव्हा कुठं त्या कागदाला पाणी लागलं.

तेव्हा अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, जिथं जिथं अशी योजना होईल तिथं भाषणं कमी करा. माहितीच्या अधिकारात मंजूर नकाशा काढा. टेप घेऊन जागा मोजा. गेट बंद असेल तर लेखी जाब विचारा. आणि उघडलं की पोरंबाळं, म्हाताऱ्या, पुस्तकं घेऊन रोज आत बसा.

ठराव झाला म्हणून तळं आपलं झालं नव्हतं. नकाशा हिरवा झाला म्हणून बागही होणार नाय.

जय भीम!