शांता आपटे यांचा प्रश्न

चित्रपट-अभिनेत्रींनी मराठीत लिहिलेल्या पुस्तकांचा विषय निघाला की आपल्याकडे दोन नावे ठरलेली असतात : हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' (१९७०) आणि दुर्गा खोटे यांचे 'मी, दुर्गा खोटे' (१९८२). डोंबिवलीत साहित्याचे काही विद्यार्थी व प्राध्यापकमित्र यांच्यासमवेत झालेल्या एका बैठकीतही तसेच घडले. तिसरे नाव कोणीच घेतले नाही. वास्तविक या दोहोंच्या कितीतरी आधी, १९४० साली, शांता आपटे यांचे 'जाऊ मी सिनेमांत?' हे पुस्तक प्रसिद्ध झाले होते. त्याचे विस्मरण मला योगायोगाचे वाटत नाही. अभिनेत्रीकडून आपण काय ऐकायला तयार असतो आणि काय नसतो, हे त्यातून दिसते.

शांता आपटे यांची ओळख आपल्याला आहे ती मुख्यत: 'कुंकू'मधील नीरा म्हणून. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी १९३७ साली हा चित्रपट केला. फसवून लावलेले जरठ-बाला लग्न नाकारणारी, वृद्ध नवऱ्याला पती मानण्यास ठाम नकार देणारी, लाँगफेलोची इंग्रजी कविता गाणारी ही नायिका मराठी समीक्षेने डोक्यावर घेतली. ते योग्यच झाले. 'अमृतमंथन' (१९३४) आणि 'अमरज्योती' (१९३६) यांतून पुढे आलेल्या या गायिका-अभिनेत्रीचा आवाज आणि तिचा पडद्यावरील मोकळेपणा या दोन्ही गोष्टी त्या काळात नव्या होत्या.

परंतु नीरेला मिळालेली दाद शांताबाईंना मिळाली नाही. १९३९ साली करार आणि वेतन यांवरून झालेल्या वादात त्या पुण्याला 'प्रभात'च्या फाटकापाशी उपोषणाला बसल्या. पुढे त्या 'प्रभात'मधून बाहेर पडल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये गांधीजींनी राजकोटला उपोषण केले होते. म्हणजे या साधनाचा राजकीय अर्थ तेव्हाच्या वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होता. तरीही एका नटीने ते साधन हाती घेतले तेव्हा त्याचा किस्सा झाला. बाबुराव पटेलांना त्यांनी छडीने मारल्याच्या आख्यायिकेशेजारी हा किस्सा आजही चवीने सांगितला जातो. नायिकेचा नकार आपण बंडखोरी म्हणून शिकवतो आणि अभिनेत्रीचा नकार तऱ्हेवाईकपणा म्हणून सांगतो, ही विसंगती आपल्याला कधी खटकलीच नाही.

येथे अमेरिकेतील एका समकालीन अभिनेत्रीची आठवण होते. १९३९च्याच 'गॉन विथ द विंड'मध्ये सोशिक मेलनीची भूमिका करणाऱ्या ऑलिव्हिया डी हॅविलँड वॉर्नर ब्रदर्सशी सात वर्षांच्या कराराने बांधलेल्या होत्या. भूमिका नाकारली की कंपनी त्यांना निलंबित करी आणि निलंबनाचा काळ कराराच्या मुदतीत वाढवून घेई. अशा रीतीने करार कधी संपणारच नाही, हे ओळखून त्या न्यायालयात गेल्या. १९४४ साली कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की सात वर्षे म्हणजे दिनदर्शिकेतील सात वर्षे. हा नियम तेथे आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पुढे 'टू ईच हिज ओन' (१९४६) आणि 'द एअरेस' (१९४९) यांसाठी त्यांना दोनदा ऑस्कर मिळाले. तेथे अभिनेत्रीच्या भांडणाचा कायदा झाला. आपल्याकडे त्याचे पुस्तक झाले, आणि ते पुस्तक आपण वाचले नाही.

सिनेमात जाऊ का, असे विचारणाऱ्या तरुण मुलींना उत्तर द्यावे, अशी त्या पुस्तकामागची भूमिका आहे. हे उत्तर देताना शांताबाई स्वत:ची जीवनकथा सांगत बसत नाहीत. चित्रपट हा भांडवलावर चालणारा धंदा आहे, त्यात राबणाऱ्याचे शरीर थकते, कीर्ती मिळाली तरी पिळवणूक सुटत नाही, अशी त्यांची मांडणी आहे. देबश्री मुखर्जी यांच्या 'बॉम्बे हसल' (२०२०) या इंग्रजी ग्रंथात या पुस्तकाची गंभीर दखल घेतली गेली. मराठी पुस्तकाचे महत्त्व इंग्रजीतून कळावे, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

'सांगत्ये ऐका'चे मोल मला कमी करावयाचे नाही. अरुण साधूंना सांगितलेले, 'माणूस'मधून वाचकांसमोर आलेले ते कथन मराठीतील धीट आत्मकथनांपैकी एक आहे. श्याम बेनेगल यांच्या 'भूमिका'मुळे (१९७७) ते देशभर पोहोचले. पण त्याच्या स्वागतात एक सोय होती. दु:ख, व्यसन, फसवणूक यांची कबुली देणाऱ्या स्त्रीविषयी वाचकाला कणव वाटू शकते, आणि कणव वाटली की पुढे काही करावे लागत नाही. शांताबाई कणव मागत नाहीत. त्या युक्तिवाद करतात. युक्तिवादाला उत्तर द्यावे लागते.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला, तारांकित अभिनेत्रीला कामगार कसे म्हणावे? हा आक्षेप रास्त आहे. साध्या सहायकाचे आणि तिचे वेतन एक नव्हते. परंतु करार ज्याच्या हाती, त्याच्यापुढे दोघांचीही स्थिती काही अंशी सारखीच असते, आणि नामवंताने हे बोलून दाखवणे अधिक जोखमीचे असते. दुसरा आक्षेप, हे साहित्य आहे काय? वैचारिक गद्याची आपली परंपरा ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्री-पुरुष तुलना'ला (१८८२) सामावून घेते. ते पुस्तकही दीर्घकाळ विस्मृतीत होते, आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. तसे कोणीतरी करावे लागते.

म्हणूनच विद्यार्थ्यांपुढे एक काम ठेवावेसे वाटते. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचे आहे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचे. आपल्या लोकलच्या मार्गावरच्या या संस्थांच्या कपाटांतून आणि जुन्या मासिकांतून चित्रपटातील स्त्रियांचे लेखन शोधावे, त्याची सूची करावी, आणि पुढच्या वेळी 'कुंकू' शिकवताना नीरेबरोबर शांता आपटे यांनाही वर्गात आणावे. त्या २४ फेब्रुवारी १९६४ रोजी गेल्या. त्यांनी शीर्षकात ठेवलेल्या प्रश्नचिन्हाचे उत्तर देण्याची जबाबदारी मात्र वाचकांवर आहे, आणि ती अजून पार पडलेली नाही.