वरचे दहा हजार कशाचे?

सप्टेंबर जवळ आला की नव्या आयफोनची चर्चा सुरू होते. कॅमेरा कसा असेल, रंग कोणते येतील, आणि मुख्य म्हणजे केवढ्याला पडेल. वृत्तवाहिन्यांपासून गल्लीतल्या मोबाइलच्या दुकानापर्यंत एकच आकडा फिरत राहतो. तो सर्वांत कमी स्टोरेजच्या फोनचा असतो. त्याच्या वरचे व्हेरिएंट घ्यायचे तर आणखी किती मोजावे लागतात, हे सहसा कोणी विचारत नाही. विचारायला हवे. अख्ख्या दरपत्रकात त्याइतका बोलका आकडा दुसरा नाही.

मागची काही वर्षे पाहा. २०२१ मध्ये आयफोन १३ आला. भारतात १२८ जीबीची किंमत ७९,९०० रुपये, २५६ जीबीची ८९,९०० आणि ५१२ जीबीची १,०९,९००. पुढच्या वर्षी १४ आला, मग १५, मग २०२४ मध्ये १६. चारही वर्षी बाजारात येताना हेच तीन आकडे. दरम्यान प्रोसेसर बदलले, कॅमेरे बदलले, चार्जिंगची पिनसुद्धा बदलली. १२८ आणि २५६ यांतला फरक मात्र दहा हजारांचा तो दहा हजारांचाच राहिला. २५६ आणि ५१२ यांतला वीस हजारांचाच राहिला. एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही.

याच चार वर्षांत मेमरी चिपच्या बाजारात काय झाले? २०२२च्या उत्तरार्धात फ्लॅश मेमरीचे भाव कोसळले आणि २०२३ मध्येही पडत राहिले. गोदामे भरली. किऑक्सिया, मायक्रॉन आणि शेवटी सॅमसंगलाही उत्पादन कमी करावे लागले. त्या काळात ज्यांनी लॅपटॉपसाठी एसएसडी घेतली, त्यांना ती किती स्वस्तात मिळाली हे आठवत असेल. फोनमध्ये बसते तीही फ्लॅश मेमरीच. ती स्वस्त झाली, फोनचे वरचे व्हेरिएंट झाले नाही.

आणखी मागे जाऊ. २००७ मध्ये पहिला आयफोन अमेरिकेत विक्रीला आला तेव्हा ४ जीबीचा ४९९ डॉलरला होता आणि ८ जीबीचा ५९९ डॉलरला. फरक शंभर डॉलर. २०१४ मध्ये आयफोन ६ आला तेव्हा १६ जीबीवरून ६४ वर जायला शंभर डॉलर. २०२४ मध्ये १२८ वरून २५६ वर जायला शंभर डॉलर. म्हणजे त्याच शंभर डॉलरला आधी ४ जीबी मिळाले, मग ४८, मग १२८. कंपनीचे समर्थक म्हणतील, ग्राहकाला उत्तरोत्तर जास्तच मिळाले की. मिळाले, यात वाद नाही. पण या आकड्यांतून दुसरी गोष्टही दिसते. इथे मेमरीचा खर्च पाहून किंमत ठरत नाही. वर चढायचे शंभर डॉलर आधी ठरलेले असतात. त्यात किती जीबी घालायचे, ते नंतर ठरते.

आयफोन ६ चे उदाहरण तर उघड आहे. १६ नंतर थेट ६४. मधले ३२ गायब होते. ३२ जीबी बहुतेकांना पुरले असते आणि म्हणूनच ते ठेवले नव्हते, असे म्हणायला पुरेपूर जागा आहे. १६ जीबीच्या फोनवर त्या वर्षीची नवी सिस्टीम थेट उतरवून घ्यायची तर पाच जीबीच्या आसपास जागा मोकळी लागत होती. लोक अपडेटसाठी फोटो पुसत बसले. स्वस्त व्हेरिएंट इतके अपुरे ठेवायचे की घेणाऱ्याने आपणहून वरचे मागावे, ही रीत तेव्हापासून चालत आली आहे.

हा केवळ एका कंपनीचा प्रश्न नाही. पण कोणती कंपनी किती ताणते, हे एकाच वर्षाचे भाव शेजारी ठेवले की कळते. २०२५ मध्ये वनप्लस १३ चे २५६ जीबीचे व्हेरिएंट ६९,९९९ रुपयांना आले आणि ५१२चे ७६,९९९ला. फरक सात हजार, वर रॅमही चार जीबी जास्त. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२५ मध्ये तेच २५६ जीबी वाढवायला बारा हजार, रॅम तेवढीच. आयफोन १७ मध्ये वीस हजार. वाढीव जागा तिन्हीकडे सारखीच, २५६ जीबी. भाव सात, बारा आणि वीस हजार. चिपच्या दर्जात फरक असतो, हे नेहमीचे उत्तर आहे. पण वनप्लस आणि सॅमसंगच्या या दोन फोनांत स्टोरेजचे मानक एकच आहे, यूएफएस ४.०. तिथेही पाच हजारांची तफावत आहे आणि ती दर्जाने भरून निघत नाही.

आयफोन १७ च्या वेळी कंपनीने १२८ जीबी बंद केले आणि २५६ पासून सुरुवात केली. त्याचे कौतुक झाले. कौतुकात तथ्य आहे. आदल्या वर्षी २५६ जीबी ८९,९०० रुपयांना होते, ते ८२,९०० झाले. पण ५१२ही बरोबर तेवढेच उतरले, १,०९,९०० वरून १,०२,९०० वर. मधले वीस हजार जागचे हलले नाहीत. आणि ज्याला १२८ पुरत होते, त्याला आता ७९,९०० ऐवजी ८२,९०० मोजायचे होते.

दुकानाच्या काउंटरवर ही बेरीज कशी होते तेही पाहण्यासारखे आहे. तिथे दहा हजारांचा उच्चारच होत नाही. हप्त्यावर घेणारे गिऱ्हाईक दोन व्हेरिएंटमध्ये घुटमळत असते. सेल्समन कॅल्क्युलेटर पुढे सरकवतो आणि म्हणतो, ‘दादा, महिन्याला चारशेचा तर फरक आहे. वरचं घ्या, नाहीतर नंतर पस्तावाल.’ चोवीस हप्त्यांवर दहा हजारांचे महिन्याला चारशे-सव्वाचारशेच होतात, हिशेब खोटा नाही. पस्तावण्याचे म्हणाल तर तेही खरे आहे. ४के दर्जाचा, सेकंदाला साठ फ्रेमचा व्हिडिओ मिनिटाला सुमारे ४०० एमबी जागा खातो. अर्ध्या तासाचे लग्न टिपले की १२ जीबी गेले. फोन विकताना जाहिरात याच कॅमेऱ्याची असते. कॅमेरा दाखवून ओढायचे आणि त्याने काढलेले ठेवायला जागा वेगळी विकायची. २०२१च्या आयफोन १३ प्रोमध्ये तर याहून पुढची गोष्ट होती. १,१९,९०० रुपयांच्या १२८ जीबीच्या फोनवर प्रोरेस पद्धतीचे चित्रण १०८०पी पर्यंतच करता येत होते. ४के हवे तर वरचे व्हेरिएंट घ्या. कॅमेरा दोन्हींत तोच.

फोन घरी आला की ही वाट बंद होते. चिप बोर्डावर डकवलेली असते. लॅपटॉपची डिस्क जशी अनेक मॉडेलांत बदलता येते, तशी ती बदलता येत नाही. मेमरी कार्डाचा स्लॉट आयफोनला कधीच नव्हता. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस मालिकेत होता. २०१५ मध्ये एस६ मधून काढला, ओरड झाली म्हणून पुढच्या वर्षी परत दिला, आणि २०२१ मध्ये एस२१ पासून पुन्हा काढून टाकला. त्याच कंपनीच्या पंधरा-वीस हजारांच्या फोनांत तो अजून मिळतो. स्वस्त फोनात जी सोय देता येते ती लाखाच्या फोनात देता येत नाही, हे तांत्रिक कारण म्हणून पटणारे नाही. जागा वाचवणे, पाणी आत न शिरू देणे, वेग राखणे ही कारणे सांगितली जातात. २०१६चा एस७ पाण्यात टिकणारा होता आणि त्यात कार्डाचा स्लॉटही होता.

म्हणून ‘परवडत नसेल तर घेऊ नका’ हे उत्तर अपुरे आहे. फोनची किंमत कंपनीने काय लावायची ती लावावी. लोक दहा फोनांशी तुलना करतात आणि मग घेतात. पण एकदा फोन ठरला की त्याच्या आतल्या जागेला विकणारा एकच उरतो. दुसऱ्याकडून घेता येत नाही, नंतर वाढवता येत नाही, पुढच्या चार-पाच वर्षांचा अंदाज काउंटरवर उभे राहून पाच मिनिटांत करायचा. जिथे गिऱ्हाइकाला हलायला जागा नाही नेमका तिथेच सर्वांत जाड नफा ठेवलेला आहे.

ज्याने खालचे व्हेरिएंट घेतले तोही यातून सुटत नाही. वर्ष-दीड वर्षाने फोन भरल्याची सूचना येऊ लागते आणि सोबत क्लाउडचा मार्ग दाखवला जातो. ॲपलने २०११ मध्ये आयक्लाउड सुरू केले तेव्हा ५ जीबी फुकट होते. आजही ५ जीबीच आहेत. २०० जीबी घ्यायचे तर महिन्याला २१९ रुपये. चार वर्षे भरले की साडेदहा हजार होतात. काउंटरवर वाचवलेले दहा हजार असे वसूल होतात, वर व्याजासारखे पाचशे. आणि पाचव्या वर्षी हप्ता चालूच असतो, कारण तोवर घरातले सगळे फोटो तिकडे गेलेले असतात.

या वरच्या रकमेत सरकारचाही वाटा आहे. मोबाइलवरचा जीएसटी २०२० मध्ये १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. वरच्या दहा हजारांतले दीड हजारांच्या आसपास त्यात जातात. तेव्हा या प्रकाराकडे पाहण्याची जबाबदारी ग्राहक व्यवहार खात्याला झटकता येणार नाही. बिस्किटाच्या पुड्यावर ग्रॅममागे किती पैसे पडतात हे छापण्याची सक्ती याच खात्याने केली. पाच-दहा रुपयांच्या पुड्याला जो नियम आहे, त्याच धर्तीवर लाखाच्या फोनच्या जाहिरातीत आणि खोक्यावर दोन गोष्टी मागता येतील. सिस्टीम आणि आधीच भरलेली ॲप वजा जाता वापरायला किती जागा उरते, ते लिहा. आणि वाढीव जागेसाठी जीबीमागे किती रुपये लावले, ते लिहा. आयफोन १७ च्या बाबतीत हा आकडा ७८ रुपये येतो, वनप्लस १३ च्या बाबतीत २७. हे दोन आकडे शेजारी छापले गेले तर काउंटरवरचे बोलणे बदलेल.

यंदा हे सगळे अधिक महत्त्वाचे आहे. २०२५च्या अखेरपासून मेमरी चिप महागल्याच्या बातम्या आहेत आणि त्या खऱ्या आहेत. एआयसाठी उभी राहणारी डेटा सेंटर चिपचा मोठा वाटा उचलत आहेत. नव्या फोनच्या किमतींची कुजबूज सुरू आहे, तिच्यातही हे कारण पुढे केले जात आहे. कच्चा माल महागला तर वस्तू महागते, हे कोणालाही मान्य होईल. पण मग तो नियम दोन्ही बाजूंनी लागला पाहिजे. भाव कोसळले त्या काळात सप्टेंबर २०२२ आणि सप्टेंबर २०२३ असे दोन सप्टेंबर येऊन गेले आणि वरची रक्कम दहा हजारच राहिली. तेव्हाचा फायदा ज्यांनी खिशात घातला, त्यांनी आताचा तोटा तरी स्वतः सोसावा.

किंमत जाहीर होईल त्या दिवशी पहिल्या आकड्यावर थांबू नका. दुसऱ्यातून पहिला वजा करा आणि उरलेली रक्कम गेल्या वर्षीच्या फरकाशी ताडून पाहा. ती वाढलेली असेल तर महागाईचे कारण ऐकून घेण्याआधी कंपनीला एवढेच विचारा, २०२३ मध्ये ती कमी का केली नव्हती?